एसक्यूलाइटमध्ये नोंद का पडत नाही? जोडणीपासून इन्सर्टच्या चुकांपर्यंत

बडोद्यात आमच्या भागात एक मराठी वाचनालय आहे. सभासद, पुस्तकं आणि देवघेव एवढ्याच नोंदी ठेवणारा एक छोटा प्रोग्रॅम मी त्यांना पायथनमध्ये लिहून दिला आणि माहिती साठवायला एसक्यूलाइट वापरलं. एका संध्याकाळी देवघेव सांभाळणाऱ्या काकूंचा फोन आला. "अरे, पंधरा दिवसांत जे नवे सभासद केले, त्यातलं एकही नाव दिसत नाहीये. मी स्वतः टाकलीत रे. प्रत्येक वेळी 'नोंद झाली' असं आलं होतं."

काकूंचं बरोबर होतं. नोंदी झाल्या होत्या, पण भलत्याच फाइलमध्ये. हा लेख त्या संध्याकाळी आणि पुढच्या काही महिन्यांत जे शिकलो त्याबद्दल आहे. याच शहरात सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची घडी बसवली. इथल्या वाचनालयाच्या नोंदी माझ्या हलगर्जीपणामुळे हरवाव्यात, हे मला फार लागलं होतं.

एक खुलासा आधी करतो. आज्ञा मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. संगणकावर त्या अर्थातच रोमन लिपीत टाकायच्या. टेबलांची आणि रकान्यांची नावं मात्र देवनागरीत ठेवली तरी एसक्यूलाइटला चालतात, आणि मी तशीच ठेवली आहेत.

## आधी फाइल कुठली ते बघा

मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेससारखे मोठे डेटाबेस वापरलेल्या माणसाची इथे हमखास गफलत होते. तिथे सर्व्हर, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा वेगळा प्रोग्रॅम, असतो. नाव किंवा पासवर्ड चुकला तर तो दारातच अडवतो. एसक्यूलाइटला सर्व्हर नाही, पासवर्ड नाही. ती तुमच्या प्रोग्रॅमच्या आतच चालणारी एक लायब्ररी आहे आणि सगळा डेटाबेस म्हणजे एक फाइल. तुम्ही कनेक्ट करताना दिलेल्या जागी ती फाइल नसेल, तर एसक्यूलाइट तक्रार करत नाही, नवी कोरी फाइल तयार करते.

मी कनेक्टला फक्त "नोंद.डीबी" एवढंच नाव दिलं होतं. असं अर्धवट नाव दिलं की प्रोग्रॅम ज्या फोल्डरमधून सुरू झाला, त्या फोल्डरमध्ये फाइल शोधली जाते. कुणीतरी डेस्कटॉपवर नवा शॉर्टकट केला, त्याचं सुरुवातीचं फोल्डर वेगळं निघालं, आणि तिथे दुसरी नोंद.डीबी जन्माला आली. एरवी अशा वेळी "नो सच टेबल: सभासद" असा एरर येतो आणि आपण जागे होतो. पण मी सोय म्हणून प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच "क्रिएट टेबल इफ नॉट एक्झिस्ट्स" घालून ठेवलं होतं. त्यामुळे कोऱ्या फाइलमध्ये टेबलंही आपोआप बनली आणि एरर यायला जागाच उरली नाही.

म्हणून काहीही बिघडलं की मी पहिल्यांदा हे चालवतो (प्रॅग्मा म्हणजे एसक्यूलाइटच्या स्वतःच्या सेटिंग्ज बघायची किंवा बदलायची आज्ञा):

प्रॅग्मा डेटाबेस_लिस्ट;

उघडलेल्या फाइलचा पूर्ण पत्ता यात दिसतो. तो तुमच्या मनातल्या पत्त्याशी जुळतो का, ते अक्षर न् अक्षर ताडून बघा. "नो सच टेबल" आला तर टेबल शोधत बसू नका, दहापैकी नऊ वेळा फाइलच चुकीची असते. आणि हे प्रोग्रॅमच्या आतूनच चालवा. बाहेरच्या साधनात तुम्ही हाताने बरोबर फाइल उघडलेली असते, त्यामुळे तिथे सगळं ठीकच दिसतं.

टेबलं बनवणारा भाग मी वेगळ्या स्क्रिप्टमध्ये काढला. तो एकदाच, हाताने चालवायचा. रोजच्या प्रोग्रॅमला नवी फाइल बनवायची परवानगीच नाही.

## जोडणी एकाच जागी, एकाच फंक्शनमध्ये

आता माझ्या प्रोग्रॅममध्ये कनेक्ट हा शब्द एकदाच येतो:

जोडणी = एसक्यूलाइट३.कनेक्ट("फाइल:///सी:/वाचनालय/नोंद.डीबी?मोड=आरडब्ल्यू", यूआरआय=ट्रू, टाइमआउट=१०, आयसोलेशन_लेव्हल="इमिजिएट")

पत्ता पूर्ण आहे. विंडोजवरही तिरक्या रेघा पुढे झुकणाऱ्याच द्यायच्या, आणि "फाइल:" नंतर तीन. "मोड=आरडब्ल्यू" म्हणजे वाच आणि लिही, पण नवी फाइल बनवू नकोस. आता फाइल सापडली नाही तर "अनेबल टू ओपन डेटाबेस फाइल" असा स्पष्ट एरर येतो. "यूआरआय=ट्रू" विसरलात तर तो सगळा पत्ता म्हणजे फाइलचंच नाव समजला जाईल, तेव्हा ते गाळू नका. टाइमआउट आणि इमिजिएटबद्दल पुढे कुलुपाच्या भागात सांगतो.

जोडणी झाल्या झाल्या, पहिली नोंद करण्याआधी:

प्रॅग्मा फॉरेन_कीज = ऑन;

ही ओळ माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी. एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीची, म्हणजे एका टेबलातली ओळ दुसऱ्या टेबलातल्या ज्या ओळीकडे बोट दाखवते ती खरंच आहे का याची, तपासणी मुळात बंद असते. तुम्ही टेबल बनवताना "रेफरन्सेस सभासद" असं लिहिलेलं असलं तरी, ही आज्ञा दिल्याशिवाय अस्तित्वात नसलेल्या सभासदाच्या नावे पुस्तक बिनदिक्कत चढतं. शिवाय ही आज्ञा फाइलमध्ये साठत नाही. प्रत्येक नव्या जोडणीला ती नव्याने द्यावी लागते, आणि म्हणूनच जोडणी एका फंक्शनमध्ये हवी.

यात आणखी एक खाच आहे. प्रॅग्माचं नाव चुकलं तर एसक्यूलाइट एरर देत नाही. मी एकदा "फॉरेन_की" असं एकवचनी लिहून बसलो होतो. आज्ञा शांतपणे गिळली गेली. ट्रान्झॅक्शन (एकत्र कायम किंवा एकत्र रद्द होणाऱ्या बदलांचा गट) चालू असताना ही आज्ञा दिली तरीही तिचा काही परिणाम होत नाही, आणि तेही मुकाट्याने. म्हणून आज्ञा दिल्यावर उलट विचारून बघायचं: नुसतं "प्रॅग्मा फॉरेन_कीज;" चालवलं की १ यायला हवा. ० आला किंवा काहीच आलं नाही, तर प्रोग्रॅम तिथेच थांबवा.

## इन्सर्टचे एरर: संदेश नीट वाचा

एरर आला की तो पूर्ण वाचावा, कारण एसक्यूलाइटचे संदेश खरोखर चांगले असतात. बहुतेक वेळा टेबलाचं आणि रकान्याचं नावसुद्धा त्यात असतं. फक्त तुमच्या प्रोग्रॅमने ते झाकून ठेवू नयेत. "ट्राय" लिहून "एक्सेप्ट"मध्ये नुसतं "पास" टाकलं असेल, म्हणजे एरर गुपचूप गिळला जात असेल, तर ते आधी काढा. पायथन ३.११ पासून पकडलेल्या एररवर "एसक्यूलाइट_एररनेम" मिळतं, तेही लॉगमध्ये लिहून ठेवा.

सुरुवात साध्यापासून करू. "टेबल सभासद हॅज ५ कॉलम्स बट ४ व्हॅल्यूज वेअर सप्लाइड" असा संदेश आला, तर तुम्ही रकान्यांची नावं न देता इन्सर्ट केलंय, म्हणजे नवी ओळ टाकलीय, आणि मध्ये कुणीतरी रकाना वाढवलाय. नावं नेहमी द्या:

इन्सर्ट इंटू सभासद (नाव, मोबाइल, अनामत) व्हॅल्यूज (?, ?, ?);

आणि किमती प्रश्नचिन्हांच्या जागी वेगळ्या पाठवा, वाक्यात जोडून कधीच नाही. पुस्तकाच्या नावात एखादं एकेरी अवतरणचिन्ह आलं की जोडलेलं वाक्य तिथेच तुटतं आणि "सिंटॅक्स एरर" येतो. ही त्यातली सौम्य शक्यता. मुद्दाम रचलेला मजकूर कुणी टाकला तर तो आज्ञा म्हणून चालू शकतो. मजकूर दुहेरी अवतरणात लिहायची सवयही सोडा. एसक्यूलाइट त्याला आधी रकान्याचं नाव समजते, आणि तसा रकाना नसेल तर जुन्या सवयीने मजकूर म्हणून चालवूनही घेते. चूक मग भलत्याच ठिकाणी उगवते.

प्रश्नचिन्हं वापरायला लागल्यावर पायथनमध्ये एक एरर नवशिक्यांना छळतो. फक्त नाव टाकायचं म्हणून मी असं लिहिलं होतं:

जोडणी.एक्झिक्यूट("इन्सर्ट इंटू सभासद (नाव) व्हॅल्यूज (?)", ("सुनीता"))

उत्तर आलं की वाक्यात एकच जागा आहे आणि तुम्ही ६ किमती दिल्यात. सहा कुठून आल्या? नुसत्या कंसाने पायथनमध्ये टपल (किमतींची यादी) होत नाही, त्यासाठी स्वल्पविराम लागतो. तो नसल्यामुळे "सुनीता" ही अक्षरमालाच यादी धरली गेली. डोळ्यांना सु-नी-ता अशी तीनच अक्षरं दिसतात, पण संगणकाच्या लेखी स, उकार, न, दीर्घ वेलांटी, त आणि काना असे सहा तुकडे होतात. ("सुनीता",) असं लिहिलं की झालं. मात्र मात्रा वेगळ्या मोजल्या जातात हे लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

आता बंधनांचे, म्हणजे टेबलावर घातलेले नियम मोडल्याचे, एरर. या सगळ्यांचा मूळ क्रमांक १९, आणि पोटप्रकार संदेशातच सांगितलेला असतो.

"नॉट नल कन्स्ट्रेंट फेल्ड: सभासद.अनामत" म्हणजे अनामतीचा रकाना रिकामा आला. यात फार काही नाही.

"युनिक कन्स्ट्रेंट फेल्ड: सभासद.मोबाइल" म्हणजे दोन ओळींत तोच मोबाइल आला. हा जरा विचार करायला लावतो. आमच्याकडे काही वयस्कर सभासदांकडे मोबाइल नाही. असा पहिला सभासद नीट नोंदला गेला, दुसऱ्याला हा एरर आला. कारण फॉर्ममधली रिकामी चौकट रिकामी अक्षरमाला म्हणून जात होती, आणि दोन रिकाम्या अक्षरमाला एकसारख्याच ठरतात. चौकट रिकामी असेल तर "नन" पाठवा, ते डेटाबेसमध्ये नल, म्हणजे 'किंमतच नाही', असं होतं. युनिक रकान्यात नल कितीही चालतात. याची दुसरी बाजूही ध्यानात घ्या: मोबाइल नसलेला एकच माणूस दोनदा सभासद झाला तर युनिक तुम्हाला सावध करणार नाही.

युनिकचा एरर आला की नेटवर पहिला सल्ला मिळतो "इन्सर्ट ऑर रिप्लेस" वापरा. इथे मी हात जोडून सांगतो, आधी थांबा. रिप्लेस म्हणजे दुरुस्ती नाही. ती जुनी ओळ पुसते आणि नवी घालते. सभासदाचा नुसता पत्ता बदलायला गेलात, आणि देवघेव टेबलात "ऑन डिलीट कॅस्केड" (मूळ ओळ पुसली की तिला जोडलेल्या ओळीही पुसा) असेल, तर त्या सभासदाचा वर्षानुवर्षांचा देवघेवीचा इतिहास त्या एका आज्ञेत नाहीसा होतो. शिवाय आज्ञेत न दिलेले रकाने टेबलाच्या व्याख्येतल्या डिफॉल्ट किमतीवर किंवा नलवर जातात. २०१८ मध्ये आलेल्या ३.२४ आवृत्तीपासून याला नीट पर्याय आहे:

इन्सर्ट इंटू सभासद (सभासद_क्र, नाव, पत्ता) व्हॅल्यूज (?, ?, ?) ऑन कॉन्फ्लिक्ट (सभासद_क्र) डू अपडेट सेट पत्ता = एक्सक्लूडेड.पत्ता;

यात ओळ तीच राहते, फक्त पत्ता बदलतो. "इन्सर्ट ऑर इग्नोर"ही सांभाळून वापरा. तो युनिकसोबत नॉट नलचं उल्लंघनही गुपचूप गाळतो. दाखल क्रमांक (पुस्तकाचा वाचनालयातला क्रमांक) दुबार आला म्हणून गाळला, की लेखकाचं नाव रिकामं होतं म्हणून, हे कधीच कळत नाही.

"फॉरेन की कन्स्ट्रेंट फेल्ड" हा संदेश मात्र रकाना सांगत नाही. अशा वेळी देवघेवीच्या ओळीतला सभासद क्रमांक आणि दाखल क्रमांक, दोन्ही आपापल्या टेबलात आहेत का ते हाताने तपासावं लागतं. फॉरेन की नव्याने चालू केली असेल तर जुन्या अनाथ ओळी "प्रॅग्मा फॉरेन_की_चेक;" ने शोधा, कारण चालू केल्याने जुना कचरा आपोआप दिसत नाही.

## एरर न देणाऱ्या चुका

वरचे एरर निदान बोलतात तरी. आम्हाला जास्त त्रास दिला तो न बोलणाऱ्यांनी.

अनामतीची बेरीज रोजकीर्दीपेक्षा कमी येत होती. एकेक ओळ बघितली, सगळे आकडे ठीक. मग हे चालवलं:

सिलेक्ट सभासद_क्र, अनामत, टाइपऑफ(अनामत) फ्रॉम सभासद व्हेअर टाइपऑफ(अनामत) <> 'इंटिजर';

आठ-दहा ओळी निघाल्या. बडोद्यात एकाच संगणकावर कुणी गुजराती कीबोर्ड लावून ठेवतो, कुणी मराठी. २५० हा आकडा देवनागरीत किंवा गुजरातीत टाइप झाला होता. एसक्यूलाइट रकान्याचा प्रकार सक्तीने पाळत नाही. इंटिजर रकान्यात मजकूर आला तर ती त्याचा आकडा करायचा प्रयत्न करते, आणि जमलं नाही तर मजकूर जसाच्या तसा ठेवते. तिला इंग्रजी अंकच कळतात. बेरीज करताना असा मजकूर शून्य धरला जातो. मी "चेक (अनामत > ०)" असा नियम घातला होता, तोही फसला, कारण एसक्यूलाइटच्या तुलनेत कुठलाही मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठाच ठरतो.

गंमत म्हणजे पायथनच्या "इंट" फंक्शनला देवनागरी आणि गुजराती अंक दोन्ही समजतात. तेव्हा फॉर्ममधून आलेला आकडा आधी इंटमधून काढा, मग डेटाबेसला द्या. आणि टेबलालाही शिस्त लावा. ३.३७ किंवा पुढची आवृत्ती असेल तर टेबलाच्या व्याख्येच्या शेवटी "स्ट्रिक्ट" लिहा. मग चुकीचा प्रकार आला की "कॅनॉट स्टोअर टेक्स्ट व्हॅल्यू इन इंटिजर कॉलम" असा एरर येतो. आवृत्ती जुनी असेल तर "चेक (टाइपऑफ(अनामत) = 'इंटिजर')" हेच काम करतं. आवृत्ती "सिलेक्ट एसक्यूलाइट_व्हर्जन();" ने कळते.

दुसरी मूक चूक आडनावांची. कऱ्हाडे आडनावाचे, मोबाइल नसलेले एक सभासद आधी नाव शोधून बघूनही दोनदा नोंदले गेले होते. पडद्यावर दोन्ही कऱ्हाडे हुबेहूब सारखे. पण तो अर्धा ऱ तीन तऱ्हांनी लिहिला जातो: ऱ हे एकच चिन्ह आणि हलन्त, साधा र, खाली नुक्ता आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. एसक्यूलाइट बाइट बघते, अक्षराचा आकार नाही. तिच्या लेखी ही तीन वेगळी आडनावं. गोऱ्हे, वऱ्हाडपांडे, सगळ्यांची हीच कथा. उपाय म्हणून नोंद करण्यापूर्वी नाव "युनिकोडडेटा.नॉर्मलाइझ" मधून "एनएफसी" या युनिकोडच्या ठरावीक रूपात आणतो, त्याने पहिल्या दोन तऱ्हा एक होतात. तिसरीसाठी र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह यांच्या जागी ऱ आणि हलन्त असा बदल स्वतः करावा लागतो. मागे-पुढे राहिलेल्या मोकळ्या जागाही इथेच काढा. शोधतानाही हेच फंक्शन लावा, नाहीतर नोंद असून सापडणार नाही.

तारखांसाठी वेगळा प्रकार एसक्यूलाइटमध्ये नाहीच. वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने, २०२४-०८-०५ सारखा मजकूर ठेवा, आणि त्यातले अंकही इंग्रजीच टाका.

## "डेटाबेस इज लॉक्ड"

एसक्यूलाइटमध्ये एका वेळी लिहिणारा एकच. दुसरा आला तर तो थोडा वेळ थांबतो की लगेच हात टेकतो, हे टाइमआउटवर ठरतं. मूळ सी लायब्ररीत ही वाट बघणं शून्य असतं, पायथनमध्ये ५ सेकंद. मी १० ठेवलंय. तेवढ्यानेही एरर येत असेल, तर कुणीतरी लिहिण्याचं कुलूप लावून बसलंय. आमच्याकडे मीच होतो. फाइल बघायच्या साधनात एक ओळ दुरुस्त करून, बदल कायम न करताच चहाला गेलो होतो.

दुसरं कारण प्रोग्रॅममध्ये असतं. ट्रान्झॅक्शन वाचण्यापासून सुरू करून मध्येच लिहायला गेलात, आणि दुसराही तेच करत असला, तर दोघं एकमेकांची वाट बघत अडकू शकतात. ते टाळायला एसक्यूलाइट एकाला टाइमआउट न पाळता लगेच परत पाठवते. आयसोलेशन लेव्हल "इमिजिएट" ठेवली की नोंदीची ट्रान्झॅक्शन सुरुवातीलाच लिहिण्याचं कुलूप घेते आणि रांग नीट लागते. वाचणारे आणि लिहिणारे एकमेकांना अडवू नयेत म्हणून "प्रॅग्मा जर्नल_मोड = वॉल;" एकदा द्या, मग नवे बदल आधी शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहिले जातात. हा बदल मात्र फाइलमध्ये टिकतो. पण फाइल नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये असेल तर वॉल चालत नाही. खरं तर चालू फाइल तशा फोल्डरमध्ये ठेवूच नये, आणि आपोआप सिंक होणाऱ्या फोल्डरमध्येही नाही.

"कमिट", म्हणजे बदल कायम करणं, विसरणं हे तर जुनं दुखणं. पायथन इन्सर्टपूर्वी स्वतःहून ट्रान्झॅक्शन उघडतं. कमिट न करता जोडणी बंद झाली तर नोंद गेली, एररशिवाय. "विथ जोडणी:" लिहिलं की शेवटी कमिट होतं आणि चूक झाली तर रोलबॅक, म्हणजे बदल रद्द. मात्र जोडणी त्याने बंद होत नाही, ती वेगळी बंद करा. जुन्या वहीतली हजारो पुस्तकं चढवताना सगळी एकाच विथमध्ये घ्या. प्रत्येक ओळीला कमिट केलं तर दर वेळी डिस्कवर पक्कं लिहिलं जाईपर्यंत थांबावं लागतं आणि मिनिटाचं काम तासावर जातं.

"अटेम्प्ट टू राइट अ रीडओन्ली डेटाबेस" आला तर फाइलसोबत तिच्या फोल्डरलाही लिहायची परवानगी आहे का बघा. जर्नलची (बदलांची तात्पुरती नोंद ठेवणारी) फाइल शेजारीच बनवावी लागते, त्यामुळे फक्त फाइलला परवानगी देऊन भागत नाही.

## त्या पंधरा दिवसांच्या नोंदी

दोन फाइलींतल्या नोंदी एक करायला आधी मूळ फाइलची प्रत काढली. चालू फाइल नुसती कॉपी करू नका. वॉलमध्ये ताजा मजकूर शेजारच्या फाइलमध्ये असू शकतो आणि प्रत अर्धवट निघते. पायथनच्या जोडणीवर "बॅकअप" आहे, ते वापरा. मग मूळ फाइल उघडून "अटॅच" ने दुसरी जोडली, आणि सभासद क्रमांक सोडून बाकीचे रकाने "इन्सर्ट इंटू ... सिलेक्ट" ने आणले. क्रमांक सोडले, कारण कोऱ्या फाइलमध्ये ते पुन्हा १ पासून सुरू झाले होते आणि जुन्या सभासदांवर आदळले असते. ज्यांनी त्या दिवसांत पुस्तकं नेली होती, त्यांच्या देवघेवीच्या ओळी नव्या क्रमांकांशी मोबाइलवरून जुळवल्या. मोबाइल नसलेले तिघे उरले. काकूंनी पावतीपुस्तक काढलं, एकेक नाव वाचलं, मी एकेक ओळ टाकली, आणि शेवटी फॉरेन_की_चेक रिकामं आलं.